कचेरीत जाणाऱ्याचं नाव

अहो,

मायना एवढाच. हयातीत मी तुम्हाला याहून दुसरी हाक मारली नाही, आता कागदावर नवी कुठून आणू? लिहायला कारण झालं म्हणून लिहिते. आज मला देवासच्या कन्याशाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली.

तुम्ही गेल्यावर भाऊजी मनावर गावाहून धारेस आले होते. "वहिनी, आमच्याकडे चला. चार माणसांत तुमचेही दोन घास निघतील," म्हणाले. वाईट काही बोलले नाहीत. पण ते दोन घास मला डोळ्यांपुढे दिसायला लागले आणि मी शाळेकडे अर्ज धाडला.

आठवतं ना? दिवसभर दरबारच्या कचेरीत इंग्रजी कागदांचे तर्जुमे करायचे आणि घरी पानावर बसलात की माझी शाळा भरवायची. मी भात वाढत असायची आणि तुम्ही विचारायचात, "आत्ता काय करते आहेस? आणि रोज काय करतेस?" दोन्हींची क्रियापदं बरोबर आल्याशिवाय पहिला घास उचलायचा नाहीत. भात निवून जायचा. असा नवरा धारेत आणखी कुणाला होता का हो?

धड्याचं वाक्य ठरलेलं. 'सदाशिव गोज टु द ऑफिस.' डोक्यावर पगडी ठेवून जोडे चढवायला लागलात की 'सदाशिव इज गोइंग टु द ऑफिस.' मी मात्र तुमच्या नावाच्या जागी 'ही' घालून 'ही गोज' म्हणायची. लग्नात नणंदेनं दार अडवलं तेव्हा उखाण्यात नाव घेतलं, तेवढंच. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे मी माहेरून शिकून आले होते. "इंग्रजीत घेतलं तर नाही होत कमी," तुम्ही हसायचात. मी काही ऐकलं नाही.

आणि तरी तुम्ही गेलात. साध्या तापाचं निमित्त झालं. मग इतकी वर्षं मी जपलं ते काय? याचा मला राग येतो. कुणावर, ते अजून ठरत नाही.

देवासला उतरले तर टांगेवाला विचारतो, "कणी पांती में जाणो, बई? बड़ी के छोटी?" एका गावात थोरली आणि धाकटी अशा दोन गाद्या, मला काय ठाऊक! शाळा असेल तिकडे ने, म्हटलं.

परीक्षा घ्यायला इंदूरहून मडम आल्या होत्या. मुलींना वर्तमानकाळ कसा शिकवाल, म्हणाल्या. मी फळ्यापाशी उभी राहिले आणि आपलं वाक्य म्हटलं, 'ही' घालून.

"हा 'ही' कोण?" मडमनी विचारलं. "मुलींना माणूस दिसला पाहिजे. नाव घ्या."

जगात नावं पुष्कळ होती. रामा होता, गोविंदा होता. त्या वाक्यात एकही बसेना. मडमनी शेरा लिहायला लेखणी उचलली. मला भाऊजींच्या घरची पंगत दिसली.

"सदाशिव गोज टु द ऑफिस," मी म्हटलं. मग दुसरंही म्हटलं. आवाज जरा मोठाच निघाला.

मडमना ते इतर कुठल्याही नावासारखं नाव. पण शेजारी माझा अर्ज पुढ्यात घेऊन बसलेल्या शाळेच्या वृद्ध शास्त्रीबोवांनी वर पाहिलं. अर्जात माझ्या नावापुढे तेच नाव होतं. त्यांनी सावकाश अर्जाची घडी घातली आणि मडमना सांगितलं, "बाई शिकवतील नीट."

तुम्ही ऐकायला हवं होतंत. नुसतं एकदा. नाही ऐकलंत याचं मला वाईट वाटतं, आणि वाटत राहील.

सोमवारपासून वर्ग आहे. पहिलं वाक्य तेच असेल. आधी मी म्हणेन, मग मुली म्हणतील, रोज, मोठ्यानं. आता कमी व्हायला काही उरलेलं नाही. तुम्ही कचेरीत जात राहा.

तुमची,
राधा