दोनशे दहाच्या वर नको

इर्मगार्ड,

यापुढे माझ्या गाडीला कुठले टायर घालायचे ते या घरात फक्त मी ठरवणार. (तुला चालणार असेल तर.)

लेकीला सांग, तिचे ते बारमाही टायर तिच्याच डब्याला लाव म्हणावं. ते गाडीच्या वेगाला पुरे पडत नाहीत, म्हणून घेतले की नियमाने डोळ्यांसमोर स्टिकर चिकटवावा लागतो: ‘ताशी २१०च्या वर नको’. माझी गाडी ऑटोबानवर, त्या मोकळ्या महामार्गावर, अडीचशेने पळू शकते. मी ती चर्चपर्यंतच नेतो, पण ते माझं मी ठरवलंय. स्टिकरने मला शिकवायचं नाही. गाडी जपून चालवा म्हणणाऱ्या डॉक्टरांनी तर नाहीच नाही!

दुकानात तीनशेवालेच रुंद टायर सांगितलेत. आज दहाला बसवायचेत.

मी खसखशीचे पाव आणायला पायीच गेलोय. उठलीस की गाडी तेवढी गॅरेजमधून मागे काढून ठेव. माझी मान वळत नाही.

लोरेन्झ