इरजण आणि ओव्याची धुरी

माय, आज प्रयोगशाळेत ओव्याचं तेल काढलं आणि दिवसभर तुझी लय आठवण आली. ओवा पाण्यात उकळायचा, वाफ थंड करायची, की पाण्यावर तेलाचा पातळ थर तरंगतो. त्यातलं थायमॉल गारव्याला पांढऱ्या खड्यांसारखं गोठतं. ओव्याचं फूल म्हणतात ते हेच. जिवाणू वाढवलेल्या बशीत या तेलात भिजवलेली कागदाची टिकली ठेवली, की दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती स्वच्छ कडं दिसतं. तेल जिवाणूच्या पापुद्र्याला भोकं पाडतं, आतलं बाहेर गळतं, तो मरतो. हे मी पोरींना दरवर्षी शिकवते, पण वास आला की माझं चित्त पिंगळीच्या आपल्या चुलीपाशी जाऊन बसतं.

तिथं तू निखाऱ्यावर चिमूटभर ओवा टाकतेस आणि वर ताकाचं रिकामं गाडगं पालथं घालतेस. धूर मातीत मुरतो. त्या गाडग्यातलं ताक भर उन्हाळ्यातही लवकर आंबत नसे. का म्हणून विचारलं, तर तू म्हणायचीस, दृष्ट लागत नाही. एकदा मी शहाणपणा करून दह्याचं गाडगंही निखाऱ्यावर धरायला निघाले, तर तू माझं मनगटच पकडलंस. "त्याला धुरी न्हाई दाखवायची. इरजण जितं असतंय."

विरजणाला तू कायम इरजणच म्हणालीस. शेजारच्या काकूचं दही सारखं बिघडायचं आणि दिवेलागणीच्या आत ती वाटी घेऊन हजर. दिवे लागल्यावर तू कुणाला इरजण द्यायची नाहीस, म्हणून तिची ती घाई. ती वाटी तिच्या घरी पोचवायचं काम माझं, आणि माझा नुसता जळफळाट. हिला रोज काय म्हणून द्यायचं, असं मी एकदा बोलून गेले. तू दूध ढवळता ढवळता म्हणालीस, "उद्या आपलं नासलं तर मागायला एखादं घर पायजे का न्हाई?"

तू गेल्यावर तुझी लुगडी, पाटल्या भावजयीकडे राहिल्या. मी वाटीभर इरजण घेऊन परभणीला आले, आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. तुझ्या हातचं जितं असं तेवढंच उरलं होतं. इतकी वर्षं ते मी जगवलं. गावाला जाताना डब्यात घालून सोबत नेलं, घरचे हसले तरी नेलं.

गेल्या आठवड्यात ऊन तापलं आणि तुझ्या ताकाची तलफ आली. माझ्या घरी गाडगं एकच. गॅसवर कोळसा फुलवला, चिमटीऐवजी मूठभर ओवा टाकला आणि तेच गाडगं पालथं घातलं. घरभर तुझा वास झाला. डोळे भरून आले, आणि त्याच भरात मी गाडग्यात कोमट दूध ओतून उरलंसुरलं सगळं इरजण घातलं. सकाळी दूध तसंच पातळ. दुपारपर्यंत वाट पाहिली, पण दही लागलंच नाही. बशीतलं कडं पाहून खूश होणारी मी, गाडग्याशी बसून ओक्साबोक्शी रडले. तू पुन्हा एकदा गेलीस, असं वाटलं.

रविवारी पिंगळीला काकूकडे गेले. ती आता भिंत धरून चालते. माझी हकीकत ऐकून खळखळून हसली आणि आतून वाटी घेऊन आली. "तुज्या मायचंच हाय हे, बाई. मी दुसरं कुठून आणू?"

तिचं दही किती वेळा बिघडायचं, ते मला चांगलं आठवतं. तू गेल्यावर तिनं कुणाकुणाच्या दारी वाटी नेली असेल, देव जाणे. मी विचारलं नाही. घरी आणून लावलं, तर घट्ट लागलं. सूक्ष्मदर्शक माझ्या टेबलावरच असतो, पण त्याखाली यातला थेंबही ठेवायची माझी इच्छा नाही. ते तुझं आहे असं काकू म्हणाली, आणि मला ते हवं आहे.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकू? तुला तर वाचताही येत नव्हतं. दिवे लागायला आलेत, त्याआधी समोरच्या बिऱ्हाडात वाटीभर इरजण देऊन यायचंय. खरं सांगू, माय? त्यांनी मागितलेलं नाही.