सतरा मुलांची सीडी

८ जुलै, सोमवार

तालुक्याहून पत्र! वीसच्या आत पट असलेल्या शाळांनी मुलं वर्गात बसलेली दाखवणारे फोटो ‘फक्त सीडीवर’ बारा तारखेपर्यंत जमा करावेत. नाहीतर शेजारच्या शाळेत ‘समायोजन’. बंद करण्याला किती गोड नाव! पेनड्राइव्ह चालत नाही — त्यातून व्हायरस येतो म्हणे.

आमचा पट सतरा. शेजारची शाळा म्हणजे नाल्यापलीकडची, घनश्याम सरांची. त्यांचा एकोणीस. म्हणजे तेही याच जात्यात.

जमनीचे वडील रामसिंग दारातूनच सांगून गेले, “मॅडम, नाल्यातून पोरीले नाही धाडत मी. शाळा गेली तं तिचं शिकणं संपलं.” जमनी तिसरीत आहे. पाढे माझ्यापेक्षा भरभर म्हणते.

९ जुलै

बोरी अरबच्या बाजारात कोऱ्या सीडी मिळाल्या! फोटोवाल्याने धूळ फुंकून विचारलं, “लग्नाची आहे का?”

शाळेच्या संगणकात डिस्क घातली. त्यानेच विचारलं, पेनड्राइव्हसारखी वापरायची की सीडी प्लेअरसाठी? दुसरं निवडलं. फोटो ओढून टाकले. सतराही चेहरे दिसले — जरा पुसट. असेल, जुना संगणक. वेगळं सॉफ्टवेअर लागलंच नाही. उगाच घाबरले होते!

१० जुलै

जमा केली. ऑफिसात सीडी चालेल असा एकही संगणक नाही. वामनराव बाबू म्हणाले, “पाहाचं काय त्यात? फाईलले लागली पाह्यजे.” भोक पाडायला दाभण उचललं, मग मधलं भोक दिसलं. काय खूश! “हे बरं केलं कंपनीनं!” त्यातून नाडी ओवून पत्राला बांधली. आवक शिक्का चकाकत्या बाजूवर.

११ जुलै

धाकटा भाऊ तारिक आला. यवतमाळला संगणक दुरुस्त करतो. माझी शेखी ऐकून त्याने दुसरी कोरी डिस्क घालून पाहिली आणि हसत सुटला. “आपा, फोटो तो अभी लाईन में खडे है!” ओढून टाकलेल्या फाइल्स नुसत्या रांगेत थांबतात. ‘बर्न’ दाबल्यावरच डिस्कवर जातात.

म्हणजे मी कोरी डिस्क जमा केली!

बर्न दाबलं. हिरवी पट्टी सरकली, कप्पा आपोआप बाहेर आला. तेवढ्यात घनश्याम सर पेनड्राइव्ह घेऊन हजर — “मॅडम, मलेबी एक भरून द्या ना.” दिली. एकोणीस पोरं. या वेळी उघडून, मोजून दिली.

१२ जुलै

आमची नवी आणि सरांची, दोन्ही सीडी मीच घेऊन गेले. सरांची लगेच जमा झाली. आमची बदलून मिळेना! “एकदा नाडी लागली का सुटत नाही. सायबाची सही लागते.” साहेब दौऱ्यावर. शेवटी सांगूनच टाकलं — आमची पहिली कोरी आहे हो!

“कोरी? बरं, चिठ्ठी लावून ठेवतो,” वामनराव म्हणाले. झालं. गेली शाळा.

१५ जुलै

जमनीच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

२४ जुलै

शाळा वाचली!! शेरा — “सीडीचे बारकाईने अवलोकन केले. विद्यार्थी प्रसन्न दिसतात.” कोऱ्या डिस्कवर प्रसन्न! हसून हसून पोट दुखलं. रामसिंगांनी वर्गाला पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

२६ जुलै

घनश्याम सरांची शाळा बंद. शेरा — “सीडी कोरी.” वामनरावांनी चिठ्ठी लावली होती — त्या दिवशी आलेल्या फाईलला, म्हणजे सरांच्या. एकोणीस पोरं आता नाला ओलांडून माझ्याकडे येणार.

अर्ज लिहिला. कोरी सीडी आमची होती. सही केली. पाकीट चिकटवायला जमनीच पुढे आली.