बोलायला लागेपर्यंतची भाषा

आई,

आज वरच्या मजल्यावरच्या बाळाला मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. हिंजवडीला लेकाकडे राहायला आल्यापासून माझा वेळ तसा लिफ्टमध्येच जातो. कोणी तमिळमध्ये, कोणी बंगालीत, कोणी आणखी कशात, सगळी तरणी पोरं आपापल्या आयांशी फोनवर बोलत असतात. मला त्यांचा हेवा वाटतो, खोटं कशाला सांगू! ही वरची पोरगी, बाळाची आई, हुबळीकडची. मालिशवाली आली नव्हती, हिची आई अजून गाडीतच होती आणि ही रडकुंडीला आलेली. "काकू, मेरे से नहीं होगा, फिसल जाएगा." म्हटलं, आण इकडे.

पाटावर बसले आणि मंडईमागचं आपलं न्हाणीघर आठवलं. तू धारवाडची, लग्न होऊन त्या घरात आलेली. धाकटा तुझ्या पायांवर पालथा पडलाय, तू त्याच्याशी कन्नडमध्ये लाडेलाडे बोलते आहेस आणि मी दाराशी उभी राहून ऐकतेय. तान्ह्याशी तेवढं कन्नड बोलायला तुला मुभा होती. आजीचा दंडकच होता, "पोर बोलायला लागलं की मराठी. पुण्यात राहायचंय, धारवाडात नाही." धाकट्याने पहिल्यांदा 'दूध' म्हटलं, तेव्हा घरभर साखर वाटली आणि दुसऱ्या दिवसापासून तू त्याला मराठीत न्हाऊ घालायला लागलीस. मराठी तू छानच बोलायचीस, पण जपून, दुसऱ्याच्या घरी बसल्यासारखी. कन्नडमधली तू निराळीच होतीस, खळखळून हसायचीस. ती तू मला हवी होतीस गं! मी एकदा म्हटलंसुद्धा, "माझ्याशी पण तसं बोल ना." तू स्वयंपाकघराकडे पाहिलंस, आजी तिथे होती. म्हणालीस, "तू मोठी झालीस आता." मी जेमतेम पाच वर्षांची. किती दिवस मला वाटायचं, आपण उगाच बोलायला शिकलो.

तर आज डोक्यावर पाणी पडलं आणि बाळाने भोकाड पसरलं. माझ्या तोंडून आपसूक निघालं, "अळब्याड नन्न कूसा, आतु, मुगीतु." रडू नको बाळा, झालं, संपलं. तुझी शप्पथ, मला हे येतं हे मलाच ठाऊक नव्हतं. बाळ गप्प झालं, पोरगी आ वासून बघत राहिली. मला मात्र बाळ दिसेना, डोळे इतके भरून आले. आवाज थेट तुझा होता.

संध्याकाळी तिची आई शेंगाचटणीचा डबा घेऊन खाली आली. लेकीने सांगितलं असणार, कारण बसल्या बसल्या कन्नडची सरबत्तीच सुरू केली. मला सगळं कळत होतं. शेवटी तिने विचारलं, तुमची मातृभाषा कोणती? मी ठणकावून म्हटलं, "कन्नड." पुढे एक वाक्य जुळेल तर शपथ! ती वाट बघत राहिली, मी चहाचा कप पुढे सरकवला.

हे पत्र टाकायचं कुठे, कपाटात साड्यांखाली राहील. तुला लिहायचं होतं ते एकच वाक्य: तुझी फार आठवण येते. ते तुझ्या भाषेत कसं म्हणतात, हे त्या बाईंना विचारणार होते. विचारलं नाही. त्यांच्यासमोर रडले असते.