डोळ्यातले दिवे

मास्तर, तुम्ही गेलात त्याला पंचेचाळीसच्या वर वर्षं झाली आणि मी अजून तुमच्यावर डूख धरून आहे. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग विझतो असं लोक म्हणतात. माझा काही विझला नाही, मी विझू दिला नाही. भाईंदर स्टेशनजवळच्या तुमच्या स्टुडिओच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकतात. परवा तिथे उगाच थांबले, तर दुकानदार म्हणाला, "आंटी, क्या चाहिए?" त्याला काय सांगणार? घरी आले, चहा केला आणि लिहायला बसले.

तुम्ही पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचात म्हणून सगळं गाव तुम्हाला मास्तर म्हणायचं. मी तुमच्याकडे आले ती एकोणीस वर्षांची, मिठागरावरच्या कारकुनाची मुलगी. माझा हात स्थिर आहे हे तुम्ही पहिल्याच दिवशी ओळखलंत आणि हातात निगेटिव्ह, टोकदार पेन्सिल आणि भिंग दिलंत. मुरुम, देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, सगळं पेन्सिलीने बुजवायचं. लग्नाच्या मुलींना दोन छटा उजळ करायचं. सात वर्षं मी हे केलं. पण गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की तुम्ही मला आतल्या खोलीत पाठवायचात आणि पडदा ओढून मग दिवे लावायचात. दिवे कुठे ठेवले, किती उंचीवर, ते कोणाला कळू नये म्हणून काम झाल्यावर स्टँड पुन्हा भिंतीला लावून ठेवायचात. मी एकदा विचारलं, तर म्हणालात, "बाईचं काम पेन्सिलीचं. दिव्यांशी तुला काय करायचंय?"

तुमची एक चूक झाली, मास्तर. समोर लावलेला दिवा बसणाऱ्याच्या बुबुळात उमटतो. निगेटिव्हवर सगळं उलटं, म्हणून तिथे काळा ठिपका दिसतो. तुमच्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांत असे दोन ठिपके असत. एकच असला तर चेहरा नैसर्गिक वाटतो, म्हणून दुसरा ब्लेडने खरवडायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलं होतंत. खरवडायच्या आधी मी तो भिंगाखाली नीट बघायची. मोठा ठिपका घड्याळात दहा वाजतात तिथे, म्हणजे दिवा जवळ, उंच आणि डावीकडे. लहान आणि फिका उजवीकडे, म्हणजे लांब आणि त्याच्यावर काहीतरी पांढरं टाकलेलं. बायकांना कसा उजेड, टक्कल असलेल्याला कसा, चष्मेवाल्याला कसा, सगळं मी वहीत काढून ठेवलं. तुमचा पडदा तसाच राहिला आणि तुमची विद्या डोळ्याडोळ्यांतून माझ्याकडे आली.

मग तो दिवस. तुम्ही वसईला लग्नाचे फोटो काढायला गेला होतात आणि उत्तनजवळच्या पालीहून एक म्हातारी कोळीण आली, अंगावर सगळे दागिने घालून. तुम्ही गावात नाही असं सांगितलं तरी ती उठेना. "माजा पोरगा जहाजावर हाय. त्याला फोटो धाडायचाय. तूच काढ की, मी काय परत येनार न्हाय," म्हणाली. मी दिवे लावले. पहिल्यांदाच, पण कुठे काय ते शोधावं लागलं नाही, कारण सात वर्षं मनात तेच तर लावत होते. एकच फोटो काढला. तुम्ही दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह उजेडाला धरलंत आणि बराच वेळ बघितलंत. आठवड्याने तो फोटो मोठा होऊन दर्शनी काचेत लागला. म्हातारीची एकही सुरकुती मी बुजवली नव्हती. कोपऱ्यात पांढऱ्या शाईने तुमची सही होती.

मी विचारलं, "मास्तर, सही तुमची कशी?" दुकानात चार माणसं होती. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पोळ्या लाटायला ठेवलेल्या बाईनं खानावळ माझी म्हणू नये. उद्यापासून येऊ नकोस." त्या चौघांपैकी एक हसला. तो कोण होता ते मी कधीच विसरले नाही, त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी पुढे काढायला नकार दिला.

तुमची जिरवायची होती, एवढ्यासाठी मी घरात स्टुडिओ उभा केला. लोक विचारत, आवड होती का? आवड होतीच, पण आवडीने इतकं काम होत नाही. बांगलादेशच्या लढाईत ब्लॅकआउटसाठी खिडक्यांना लावलेला काळा कागद उरला होता. तो स्वयंपाकघराच्या खिडकीला डकवला आणि मोरीच्या कट्ट्यावर फिल्म धुवायला लागले. वसईच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून जुना लाकडी कॅमेरा आणला, त्याच्या फाटलेल्या भात्याला पट्ट्या चिकटवल्या. वनस्पती तुपाचे मोठे डबे कापून त्यात पाचशे वॉटचे बल्ब बसवले, दिव्यापुढे वडिलांचं धोतर ताणलं. दोन्ही बल्ब एकदम लावले की चाळीचा फ्यूज उडायचा आणि शेजारीण ओरडायची. म्हणून एक दिवा आणि दुसऱ्या बाजूला खिडकीचा उजेड, अशी सोय केली. मिठागरावर काम करणाऱ्यांच्या हनुवटीखाली सावली नसते, हे मी लहानपणापासून बघत होते, खाली मीठ पांढरं असतं ना. म्हणून बसणाऱ्याच्या मांडीवर पांढरी चादर पसरायला लागले. ही युक्ती तुमच्याकडे नव्हती.

पालीची म्हातारी गावभर सांगत सुटली की फोटो त्या बाईनं काढलाय, त्या बुवानं न्हाय. उत्तनकडच्या बायका यायला लागल्या, मग इकडच्या लग्नाच्या मुली. प्रत्येकीला मी विचारायची, आधी मास्तरांकडे गेली होतीस का? हो म्हणाली की दिवसभर मन खूश. बाजाराची पिशवी घेऊन मुद्दाम तुमच्या दुकानावरून जायची. तुम्ही स्टुलावर बसून तेच वर्तमानपत्र पुन्हा पुन्हा वाचत असायचात. मला तेव्हा वाईट वाटलं का? नाही वाटलं.

सहा वर्षांनी तुम्ही माझ्या दारात आलात. कोट अंगात सैल झाला होता, जिना चढून धाप लागली होती. म्हणालात, "घरात लावायला एक फोटो हवाय. माझा माझ्याकडे एकही नाही." कशासाठी, ते मला कळलं. मी तुम्हाला बसवलं आणि फिल्म भरायला स्वयंपाकघरात गेले. अंधारात, कॅमेऱ्यात सरकवायची फिल्मची रिकामी पेटी हातात धरून मी ठरवलं, आज यांनी एकदा म्हणावं की म्हातारीचा फोटो तुझा होता. म्हणाले, तर पुन्हा आत येऊन फिल्म भरेन. बाहेर आले. मोठा दिवा दहाच्या जागी लावला. तुम्ही तो बघितलात, मग मांडीवरची चादर बघितलीत.

"हा उजेड कुठं शिकलीस?"

"तुमच्या निगेटिव्हमध्ये. डोळ्यांत."

तुम्ही पुन्हा दिव्याकडे बघितलंत. मला वाटलं, आता म्हणाल. तुम्ही कॉलर सरळ केलीत आणि म्हणालात, "हं, काढ."

मी काढला. पेटी रिकामी होती, मास्तर. चार दिवसांनी तुमचा मुलगा फोटो न्यायला आला, तेव्हा मी सांगितलं की फिल्म धुताना बिघडली, त्यांना पुन्हा पाठवा. तुम्ही महिन्याच्या आत गेलात. तुमच्या घरी भेटायला आले तेव्हा भिंतीवर कुठल्याशा लग्नाच्या घोळक्यातून कापलेला तुमचा पुसट चेहरा होता, बाजूला कोणाचा तरी अर्धा खांदा, त्यावरच हार घातलेला. मी तुमच्या बायकोजवळ बसून चहा प्यायले आणि मला बरं वाटलं. तुमच्या तोंडून न निघालेलं ते एक वाक्य मी असं वसूल केलं.

हे पत्र तुमच्या मुलाला दाखवण्यासारखं नाही, तुम्हाला पोचण्यासारखं नाही. घडी घालून कपाटात ठेवणार आहे. फक्त एक लिहायचं राहिलं. पेटीत फिल्म नव्हती, तरी मी कॅमेऱ्याच्या काळ्या फडक्याखाली हवं त्यापेक्षा खूप जास्त वेळ थांबले, मागच्या काचेवर तुमचा चेहरा पुन्हा पुन्हा जुळवला, दिवा वीतभर खाली घेतला. तसा फोटो मी आधी कधी जुळवून आणला नव्हता आणि नंतर कधी मला जमला नाही.