पंगतीतला येशू

१७ सप्टेंबर १९५६, सोमवार

ती पोथी पुन्हा पेपरात! पद्मा चहाबरोबर पेपर नाचवतच आली. "आत्या, सुनो तो! आपल्या गोरखी वाड्यातल्या सरकारी दप्तरात येशूची हरवलेली पोथी! पुण्याचे संशोधक म्हणतात, अस्सल आहे. त्याच्या शिष्याने, थोमाने, इकडे येऊन सांगितलेलं शुभवर्तमान, कुणीतरी मोडीत उतरवून ठेवलंय. कागद दीडशे वर्षांचा. कमाल है ना?"

"असेल," म्हटलं, आणि चष्मा शोधू लागले. चष्मा नाकावरच होता.

पोथी सापडली दप्तरातल्या महिपतरावांना. मध्य भारत मोडून नवं राज्य होतंय, कागद भोपाळला जायचेत, म्हणून ते कागद बांधलेला एकेक रुमाल सोडून याद्या करताहेत. माझे वडील, नाना, दप्तरदार असताना हे त्यांच्या हाताखाली लागले. नानांनी एकच शिकवलं होतं – रुमालात बांधलं ते दप्तर, त्यातलं चिटोरंही टाकायचं नाही. त्यांनी नाही टाकलं.

१८ सप्टेंबर

लिहूनच टाकते. ती पोथी माझी आहे.

१९१४ ची उन्हाळ्याची सुट्टी. मी चौदाची, आग्र्याच्या कॉन्व्हेंटातून घरी आलेली. आई थंडीतच गेली होती. मला परीक्षा झाल्यावर कळवलं! मी कुणाशी बोलत नव्हते. नानांनी मोडी शिकवायला घेतली. जुन्या बाडांतली कोरी पानं दिली, बोरू तासून दिला. "काय गिरवू?" म्हटलं तर म्हणाले, "तुला येतं ते लिही."

मला सिस्टर अगाथाच्या गोष्टी येत होत्या. थोमा हिंदुस्थानात आला होता असं त्या सांगायच्या, म्हणून सगळं त्याच्या तोंडी घातलं. शेवटचं जेवण आलं तेव्हा अडले. पुष्कळ पुरुष एकदम जेवताना मी एकच पाहिलेलं – पंगत. मग येशूची आई वाढते आहे. बारा जण पोटभर जेवले, भांडं खरवडलं, तिला काही उरलं नाही. तेव्हा येशू पानावरून उठला आणि म्हणाला, "आई, माझ्या पानावर बस. मी वाढतो."

नानांनी वाचलं. पानं दप्तरातल्याच एका रुमालात बांधून टाकली. जन्मभरात दप्तराबाहेरचं एवढंच बांधलं असेल त्यांनी!

२१ सप्टेंबर

महिपतराव आले होते. नवा कोट! चौपन्न वर्षांचा माणूस, फाजील नोकरांच्या यादीत नाव लागलेलं. आता या पोथीमुळे भोपाळच्या नव्या दप्तरात जागा मिळेल म्हणे. "ताई, नानासाहेब हवे होते आज," म्हणाले, आणि ते आईचं वाक्य म्हणून दाखवलं. डोळे भरून आले त्यांचे. "असं कुणाला रचता येईल का हो?"

तेव्हा सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "बर्फी घ्या ना."

खरं लिहू? बरं वाटलं मला. माझ्या वाक्यावर कुणी रडलं होतं. शी!

२४ सप्टेंबर

आग्र्याचे प्रोफेसर दौलतसिंह पोथी पाहायला आलेत. त्यांचं भाषण ऐकायला पद्मा गेली होती. घरी येऊन हुबेहूब नक्कल केली – "यह ईसा मसीह नहीं, किसी मराठे घर का जमाई है! खाने-परोसने की इतनी चिंता!" सगळा हॉल हसला म्हणे. मग त्यांनी दाखवून दिलं – पोथीत शिष्य शुक्रवार म्हणून मासे खातात. ही चाल नंतरची, चर्चची. लिहिणारा कुठल्यातरी मिशनच्या ताटावर जेवला असला पाहिजे.

जेवलाच होता. दर शुक्रवारी. आम्हा ब्राह्मणांच्या मुलींना मात्र माशांऐवजी बटाटे मिळायचे.

पद्मा हसत होती. मीही हसले.

२७ सप्टेंबर

कमिटी नेमली. पोथी बनावट ठरली तर बनवली कुणी, ते शोधायचं. बोट दोघांकडे. महिपतराव, भोपाळच्या जागेसाठी. नाहीतर नाना, साहेबलोकांची मर्जी राखण्यासाठी! पेपरात नाव छापलंय नानांचं.

उद्या जाते कमिटीकडे.

२८ सप्टेंबर

नाही गेले. डोकं दुखत होतं. दुखत नव्हतं.

सगळ्या लष्कर शहरात बोभाटा होईल – दप्तरदारांची मुलगी बाटायला निघाली होती! आणि निघालेच होते की. त्या वर्षी सिस्टरकडे हट्ट धरला होता मी. त्यांनीच समजूत काढून परत पाठवलं. हे घरात आजवर कुणाला ठाऊक नाही. नानांनाही नव्हतं.

छप्पन्न वर्षांची झाले. नवरा नाही, मूल नाही, कंपू मोहल्ल्यातली ही दोन खोल्यांची जागा. कुणाला भिते मी?

२९ सप्टेंबर

भावाकडे, बळवंताकडे, नानांचं श्राद्ध. पानं मांडली, मी वाढायला. भटजींसमोरच बळवंत म्हणाला, "नानांनी असं का केलं असेल?" केलं असेल का, असं नाही. का केलं! पोटचा मुलगा!

माझ्या हातात खिरीचं भांडं होतं. मी पुढच्या पानावर वाढत गेले.

१ ऑक्टोबर

महिपतरावांना वाटेत गाठलं. कोट जुनाच. "ताई, मला चोर म्हणोत, पण नानासाहेबांना?" मी म्हटलं, "खरं बाहेर येईलच हो." जसं काही ते आपल्या पायांनी चालत येणार आहे!

३ ऑक्टोबर, बुधवार

दुपारी महिपतराव आले. बसले नाहीत. सकाळी कमिटीला लिहून दिलं म्हणाले – पोथी मीच बनवली, नानासाहेबांचा संबंध नाही. नोकरी गेली. पेन्शनही जाईल.

मग कोटाच्या आतल्या खिशातून एक पान काढून माझ्या हातात दिलं. रुमाल पुन्हा बांधताना काल तळाशी सापडलं होतं. माझं मोडी अक्षर, आणि खाली नानांच्या अक्षरात – "चि. अनसूयेचा कित्ता. आईची आठवण. जपावा."

"हे घरचं आहे ताई. दप्तरात नको," म्हणाले, आणि जिना उतरून गेले.

आता साडेतीन. कमिटी पाचपर्यंत बसते. पान समोर आहे. वहाणासुद्धा घातल्यात. आणि मी इथे लिहीत बसले आहे.