रामाचे कॅनव्हासचे बूट

बुलढाणा, मंगळवार, संध्याकाळ

आज रामाचे कॅनव्हासचे बूट धुतले. रामा माहा भाऊ, त्याले जाऊन वर्ष झालं. त्याचे कपडे तेव्हाच वाटून टाकले, बूट तेवढे ठेवून घेतले. झिजल्या तळाले सायकलच्या ट्यूबचं ठिगळ चिकटवलं, वरून पांढरे दिसावे म्हणून ओला खडू फिरवला. इथवर ठीक होतं. पण आतूनबी सोड्यानं घासले. काऊन घासले मी? आत त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा होता. रोज बोटानं चाचपून पाहायचो, अन् मीच घासून काढला.

बूट अंगणात वाळत ठेवले, तर शेजारच्या काकूनं विचारलं, "नवे घेतले काय हो मास्तर?"

"हाव," म्हणालो.

तो ठसा असता, तर नाही म्हणालो असतो.